दहाच्या खाली

मी आयुष्यभर महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं आणि पोरांना मनापासून एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे उत्तर पाठ करणं. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, योग्य पर्याय निवडा. उत्तर मला माहीत असायचं, त्यांना नसायचं, आणि ते त्यांच्या डोक्यात जाईपर्यंत मी हटायचे नाही. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांना तेल लावत मालिका बघायच्या, एवढाच माझा बेत होता. पण आमच्या लोकांत रिकामी बसलेली शिक्षिका कुणाला बघवत नाही.

आमचे लोक म्हणजे बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. मीरा रोडला एवढं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही. इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं की विचारतात, "आप लोग पारसी हो क्या?" पूर्वी मी सगळं समजावून सांगायचे. आता "वैसा ही कुछ" म्हणते आणि लिफ्टचं बटण दाबते. मुंबईतल्या चाळी सोडून आमची जी मोजकी घरं इकडे आली त्यातलं एक माझं. बाकीचे बरेचसे ठाण्याला गेले आणि त्याहून जास्त इस्राएलला.

या मोजक्या घरांतल्या लहान मुलांना आपल्या गोष्टी कोण सांगणार, असा विषय एकदा निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रविवारी सकाळी सिल्व्हर पार्कमधल्या माझ्या हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवायचा, सतरंजी घालायची आणि सहा-सात मुलांना तोरा, म्हणजे आमचं मूळ शास्त्र, शिकवायचं. मी लगेच हो म्हटलं. मनात म्हटलं, त्यात काय, पाठच तर करून घ्यायचंय. माझ्या आईने मला तसंच शिकवलं होतं. तिला हिब्रूतल्या प्रार्थना घडाघडा यायच्या. अर्थ विचारला की म्हणायची, "अर्थ त्याला कळतो. तू नीट म्हण."

पण मंडळी उत्साही. त्यांनी माझ्यासाठी ऑनलाइन प्रशिक्षण ठरवलं. लॅपटॉपवर परदेशातली एक मुलगी आली, माझ्या भाचीच्या वयाची. तिने सांगितलं की लहान मुलांना उत्तरं द्यायचीच नाहीत. प्रश्न विचारायचे, आणि तेही असे की ज्यांचं उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही. मूल काहीही म्हणालं तरी चूक म्हणायचं नाही. पेसाखच्या सणाला घरातलं सगळ्यांत धाकटं मूल प्रश्न विचारतं तेव्हाच मोठ्यांना गोष्ट सुरू करता येते, मग विचारणं ही आपल्याकडे भक्तीच नाही का, असं ती म्हणाली. पेसाखचं खरंच होतं. तरी माझं डोकं तापलं. ज्याचं उत्तर शिक्षकाला माहीत नाही तो प्रश्न शिक्षकाने विचारायचा, तर मग शिक्षक हवा कशाला? माइक बंद आहे असं समजून मी म्हणाले, "हिला एकदा आमच्या चौथी ब वर सोडा." माइक चालू होता. नशीब, तिला मराठी येत नव्हतं.

पहिल्या रविवारी मी नाक मुठीत धरून तिचा मार्ग वापरला. देवाने सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली, ही गोष्ट सांगून विचारलं, "सातव्या दिवशी देव काय करत असेल, तुम्हाला काय वाटतं?" एक जण म्हणाला, झोपला असेल. एक म्हणाला, रील्स बघत असेल. "चूक" हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता, तो मी कसाबसा गिळला. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "मम्मी म्हणते मी जरा पडते, आणि पडल्या पडल्या कपड्यांच्या घड्या घालते. देव पण तसंच करत असेल. थोडं थोडं काम." इतकी वर्षं शनिवारचा शब्बाथ पाळत आले, पण देवाला घड्या घालताना मी कधी बघितलं नव्हतं.

ती मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. आमच्या मागच्याच इमारतीत राहायची आणि आजोबांचं बोट धरून यायची. हळूहळू मी रविवारची वाट बघायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मुख्य म्हणजे तिच्यामुळे. महापुराच्या वेळी नोहाने बोटीत मच्छर का घेतले, हे तिला कळायला हवं होतं. बोटीबाहेर राहिलेल्या बाळांनी काय वाईट केलं होतं, तेही हवं होतं. मी म्हणायचे, "मला माहीत नाही, तुला काय वाटतं?" असं म्हणता येणं किती सुखाचं असतं, हे मला साठीनंतर कळलं.

तिचे आजोबा वर्गाच्या वेळी माझ्या स्वयंपाकघरात बसायचे. त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला की त्यांचं काही म्हणणं नसायचं. सरकारी छापखान्यात नोकरी करून निवृत्त झालेला सडपातळ, टापटीप माणूस. आमच्या लोकांत त्यांची ओळख एकच, दहावा माणूस. आमच्यात काही प्रार्थना दहा मोठे यहुदी पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाहीत. त्या दहांना मिन्यान म्हणतात. त्यात सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे कद्दीश, गेलेल्या माणसासाठी त्याच्या मुलाने म्हणायची. गंमत अशी की कद्दीशमध्ये मृत्यूचा शब्दसुद्धा नाही, नुसती देवाची स्तुती आहे. पण ती एकट्याने करता येत नाही, नऊ जणांत करता येत नाही. वसई असो की पनवेल, कुणाच्या घरी नऊ जमले आणि एक कमी पडला की आजोबांना फोन जायचा. ते इस्त्रीचा शर्ट चढवून, टोपी खिशात घालून निघायचे. त्यांच्या बायकोची त्यावरून कायम कुरकुर असायची. "लोकांच्या घरी वेळेवर जातात," ती म्हणायची, "आपल्या घरी जेवायला चार हाका माराव्या लागतात."

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी आम्ही सदोमची गोष्ट घेतली. देव अब्राहामला सांगतो, सदोम गाव फार बिघडलंय, मी ते जाळून टाकणार. अब्राहाम म्हणतो, तिथे पन्नास चांगली माणसं असली तर? देव म्हणतो, मग नाही जाळणार. पंचेचाळीस असली तर? तरी नाही. चाळीस? तीस? वीस? मुलं खूश झाली. "टीचर, माझी मम्मी भाजीवाल्याशी असंच करते!" एक जण ओरडला. शेवटी अब्राहाम दहावर येतो. देव म्हणतो, दहासाठीसुद्धा सोडेन. आणि तिथे अब्राहाम घासाघीस थांबवतो. गावात तेवढे दहाही सापडत नाहीत आणि गाव जळतं.

मी विचारलं, "दहावर का थांबला असेल?"

"दहाला मिन्यान होतो म्हणून!" स्वयंपाकघरातून आजोबांचा आवाज आला.

"तुम्ही उत्तर द्यायचं नाही, आजोबा," मी ओरडले. "चहा प्या." मुलं खदाखदा हसली. मग त्यांची उत्तरं आली. अब्राहाम दमला असेल. देव चिडेल म्हणून घाबरला असेल. त्याला वाटलं असेल, एवढ्या मोठ्या गावात दहा तरी मिळतीलच. ती मुलगी मात्र चिडली होती. "मी असते ना, तर एकापर्यंत आणलं असतं," ती म्हणाली. "देव हो म्हणत होता. मग विचारायचं बंद कशाला करायचं?"

"खरंच, कशाला?" मी म्हणाले. "मलाही माहीत नाही." वर्ग संपला. आजोबा कप विसळून पालथा घालून ठेवायचे, तसा त्यांनी ठेवला आणि नातीला घेऊन गेले.

सुट्टीतच ते गेले. सकाळी पेपर वाचता वाचता, कुणाला काही कळायच्या आत. मुंबईच्या कब्रस्तानात दफन झालं, तिथे माणसं होती, त्यांच्या मुलाने कद्दीश म्हटला. पण आमच्या घरांतून बायका सहसा दफनाला जात नाहीत, आणि आजीचे तर गुडघे असे की जिना उतरायचा म्हणजे दोन माणसं लागतात. त्यामुळे तिने काही ऐकलं नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा ती जमिनीवर घातलेल्या गादीवर बसली होती. सुतकाचे सात दिवस घरचे खालीच बसतात. माझा हात धरून म्हणाली, "बाई, आयुष्यभर लोकांच्या कद्दीशला पळाले ते. आता त्यांचा एकदा या घरात होऊ दे. मला ऐकायचाय. बाकी मला काही नको." नात शेजारीच होती. ती म्हणाली, "होईल, आजी. सातव्या दिवशी सगळे येणारेत."

सगळ्यांनी सांगितलंही तसंच होतं, सातव्याला नक्की येतो. पण सातवा दिवस नेमका दिवाळीच्या गर्दीत आला. कुणी गावाला गेलेलं, कुणाला ताप. मुलाने दुपारपासून फोन कानाचा काढला नव्हता. मीही माझ्या ओळखीतल्या सगळ्यांच्या घरी फोन लावले. संध्याकाळी आम्ही घरात बसलो तेव्हा हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, ठाण्याहून लवकर निघून आलेले होते, मुलगा होता, त्याचा मेव्हणा होता, भाईंदरचे दोघे म्हातारे होते, विरारहून आलेले बापलेक होते, एक दूरचा चुलतभाऊ होता आणि ॲपची टॅक्सी चालवणारा एक तरुण होता. नऊ. दहावे गृहस्थ ठाण्याहून घोडबंदरमार्गे निघाले होते.

त्यांना फोन लावला. "अरे, गायमुखच्या घाटात अडकलोय," ते म्हणाले. "पुढे कंटेनर आडवा झालाय. गाडी इंचभर हलत नाहीये. तुम्ही थांबा, मी येतोय." थांबण्यावाचून दुसरं काय करणार होतो? हझान पुस्तक मांडीवर ठेवून बसले. बाहेर प्रत्येक गॅलरीत कंदील लागले होते, खाली मुलं भुईचक्र लावत होती. आतल्या खोलीच्या दारात आजी पदर डोक्यावर घेऊन बसली होती, ऐकायला तयार.

आणि मग इमारतीतली माणसं यायला लागली. सात दिवस या घराला त्यांनीच जेवू घातलं होतं. आज कसलीतरी प्रार्थना आहे आणि माणूस कमी पडतोय, हे कुणीतरी खाली बोललं असणार. समोरच्या दारातले मराठवाड्याचे काका आले. ते बौद्ध. आजोबांच्या आणि त्यांच्या रोज बाकावर गप्पा व्हायच्या. "मी बसतो की," ते म्हणाले. "एकच कमी हाय ना? रुमाल बांधतो डोक्याला." मुलाने त्यांचा हात धरला आणि नाही म्हणून नुसती मान हलवली. दुसऱ्या मजल्यावरचे चाचा आले. त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. "हमारे में तो दो आदमी हो तो भी नमाज़ की जमात हो जाती है," ते म्हणाले. "आप लोगों का तो बड़ा मुश्किल है, भाई." गुजराती सेक्रेटरी आले, वॉचमन आला. कुणी परत गेलं नाही. जिन्यावर चपलांचा ढीग झाला आणि लिफ्टपासून दारापर्यंत पुरुषच पुरुष उभे राहिले. आत नऊ.

तिकडे मुलाच्या फोनवर इस्राएलमधल्या अश्दोदहून व्हिडिओ कॉल चालू होता. काका, मामा, चुलते, त्यांची मुलं, सगळे एका सोफ्यावर दाटीवाटीने बसलेले. "आम्ही इथे सात-आठ जण आहोत," ते म्हणत होते, "आमच्यातला एक धरा ना." हझाननी फोन हातात घेतला, सगळ्यांची विचारपूस केली आणि सांगितलं की पडद्यावरचा माणूस धरता येत नाही, एका खोलीत असावा लागतो. फोन टीपॉयवर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. त्यातली माणसं आमच्याकडे बघत राहिली, आम्ही त्यांच्याकडे.

टॅक्सीवाला तरुण सारखा घड्याळ बघत होता. शेवटी तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, मला एअरपोर्टचं पिकअप आहे. आधीच दोन कॅन्सल केलेत. अजून एक केलं तर आयडी बंद करतात." मी त्याला म्हटलं, अजून दहा मिनिटं थांब रे बाळा. तो थांबला. दहाची वीस झाली. त्याला आणखी थांब म्हणायचं तोंड मला नव्हतं.

तेवढ्यात ती मुलगी आजीजवळून उठली आणि हझानच्या समोर येऊन उभी राहिली.

"हझान अंकल, नऊ नाही का चालणार?"

"नाही बेटा. दहाच लागतात."

"पण तुम्ही विचारलं का?"

"कुणाला?"

"देवाला. अब्राहामने विचारलेलं. त्याने पन्नासचे दहा केले. आपल्याला फक्त एक कमी करायचाय."

खोलीतले सगळे तिच्याकडे वळले. दारातले चाचासुद्धा, त्यांना शब्द कळले नसतील तरी. हझान भला माणूस. ते रागावले नाहीत. पुस्तकावरचा हात काढून तिच्या डोक्यावर ठेवत म्हणाले, "बेटा, अब्राहामसुद्धा दहावर थांबला."

"हो, पण का थांबला ते कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली. "टीचरना पण माहीत नाही. त्याच म्हणाल्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जन्मात कधी अशी उघडी पडले नव्हते. माहीत नाही म्हणण्याचं जे सुख मला साठीनंतर मिळालं होतं, ते त्या खोलीत माझ्यावरच उलटलं. तिला मी काय सांगणार होते? वर्गात विचारायचं ते वर्गातच ठेवायचं, घरी आणायचं नाही, असं?

ती मात्र अजून घासाघीस करत होती. तिने बोट उचलून मोजायला सुरुवात केली. नऊ पुरुष मोजले आणि बोट माझ्यावर येऊन थांबलं. "टीचरना धरलं तर दहा होतात. टीचरना सगळं येतं."

"बायका धरत नाहीत, बेटा," हझान म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

"का?"

मला राग आला, खूप आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. हझानवर? त्यांनी नियम केला नव्हता. त्या रात्रभर गाडी चालवणार असलेल्या पोरावर? घाटातल्या कंटेनरवर? मी तोंड उघडणार एवढ्यात मुलगा म्हणाला, "बाई, नको." त्याचे डोळे भरले होते. "बाबा एकदा पनवेलला नऊ माणसांत अख्खी संध्याकाळ बसून आले. बाबांनीच सुरू करू दिलं नाही. त्यांच्याच कद्दीशला मी..." मी ओठ मिटले. आजोबांचाच नियम आजोबांच्या आड आला होता आणि त्यांच्याशी भांडायला आता ते नव्हते.

तरुणाने मुलाला मिठी मारली, आजीच्या पायांना हात लावला आणि मान खाली घालून जिन्यातल्या गर्दीतून वाट काढत गेला. आठ राहिले. थोड्या वेळाने जिन्यात एकच गलबला झाला. "आए, आए! रास्ता दो!" चाचा ओरडत होते. ठाण्याचे आले होते. घामाघूम झालेले, धापा टाकत, घाट संपल्यावर गाडी रस्त्याकडेला लावून कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून. जिन्यातल्या लोकांनी त्यांना जवळजवळ उचलूनच आत आणलं. वॉचमनने टाळी वाजवली. त्यांनी खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली आणि हसत विचारलं, "झाले ना दहा?"

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवत मोजलं, आणि मग ते तसेच दाराजवळ खाली बसले.

परत नऊ. त्या तरुणाला फोन लावला, तो हायवेला लागला होता, गाडीत प्रवासी होता. आणखी तासभर बसलो. कुणी येण्यासारखं उरलंच नव्हतं, तरी बसलो. मग भाईंदरच्या म्हाताऱ्यांपैकी एकाला साखरेचा त्रास व्हायला लागला. हझाननी पुस्तक उघडलं आणि ज्या स्तोत्रांना दहा माणसं लागत नाहीत ती म्हटली. सुरेल म्हटली. दारातले लोक हात जोडून उभे राहिले. मुलगा सगळा वेळ ओठ दाबून बसला होता, कद्दीशचे शब्द बाहेर पडू नयेत म्हणून दाबावे तसे. सगळे उठले तेव्हा आजीने माझा पदर ओढला.

"झाला का गं? फार हळू म्हणाला वाटतं. मला ऐकू नाही आला."

हो म्हणावं तर सोबत नात उभी, नाही म्हणावं तर धीर होईना.

"नाही झाला, आजी," नात म्हणाली. "नऊच होते."

आजीने मान डोलावली. "बरं," ती म्हणाली. मग सगळ्यांना चहा दिला का म्हणून तिने सुनेला विचारलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा ठाण्याच्या प्रार्थनालयात गेला आणि दहा माणसांत कद्दीश म्हणून आला. शास्त्राला धरून सगळं व्यवस्थित झालं. आजीला नेता आलं नाही.

सुट्टी संपली आणि वर्ग पुन्हा भरला. मला वाटलं नव्हतं, पण ती आली, आईबरोबर. पुढची गोष्ट क्रमाने येते ती अब्राहामच्या मुलाची. देव त्याला सांगतो, तुझ्या लाडक्या मुलाला डोंगरावर घेऊन ये आणि मला अर्पण कर. अब्राहाम एक शब्द न बोलता सकाळी उठून निघतो. शेवटी देव त्याचा हात अडवतो, मुलगा वाचतो, त्याच्या जागी एक मेंढा जातो. मी ही गोष्ट टाळायच्या विचारात होते. पण टाळली असती तर तिला ते लगेच कळलं असतं, आणि खरं तर दुसरं काय करावं तेही मला सुचत नव्हतं. प्रश्न प्रशिक्षणातूनच तयार मिळालेला होता. परक्या गावासाठी देवाशी एवढी घासाघीस करणारा अब्राहाम, स्वतःच्या मुलाच्या वेळी त्याने काहीच का विचारलं नाही?

मुलं विचार करायला लागली. एक म्हणाला, त्याला माहीत होतं की देव मस्करी करतोय. एक म्हणाली, तो इतका घाबरला की आवाजच फुटला नाही. एकाने सांगितलं, त्याने मनातल्या मनात विचारलं असेल, ते लिहिलं नसेल. चांगली उत्तरं होती. मी फळ्यावर लिहीत होते आणि पाठ फिरवलेली असल्याने तिच्याकडे बघावं लागत नव्हतं.

"मला माहितीये," ती म्हणाली.

मी वळले. ती नेहमीसारखी गुडघ्यांवर उठून बसली नव्हती. मांडी घालून, नीट बसली होती.

"मागच्या वेळी त्याने विचारलेलं ना," ती म्हणाली. "कितीदा विचारलेलं. देव प्रत्येक वेळी हो हो म्हणाला. आणि मग गाव जाळलंच. म्हणून या वेळी नाही विचारलं त्याने."

चिडून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. पाढे म्हणावे तसं म्हणाली.

या गोष्टीवर थोरामोठ्यांनी काय काय म्हणून ठेवलंय ते मी आदल्या आठवड्यात वाचून काढलं होतं. श्रद्धा, परीक्षा, आज्ञापालन. त्यातलं एकही तिच्या पुढ्यात ठेवण्यासारखं नव्हतं. आयुष्यभर हजारो पोरांना मी चूक म्हटलं, आणि ज्या एकीला "नाही गं बाळा, हे चूक आहे" असं अगदी पोटातून सांगायचं होतं, तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. मार्करचं टोपण उघडं होतं. मी तिचं उत्तर बाकीच्यांच्या खाली लिहिलं.

पुढे वर्ग चालू राहिला. मुलांनी गोष्टीतल्या मेंढ्याबद्दल विचारलं, आईला सांगितलं होतं का म्हणून विचारलं, डोंगर किती उंच होता ते विचारलं. ती ऐकत होती, लक्ष देऊन. त्या सकाळी तिने मला एकच प्रश्न विचारला.

"टीचर, मी घरी जाऊ?"

वर्ग संपायला अजून अर्धा तास होता. मी हो म्हटलं.